कापूस निघेपर्यंत थांबलं तं चालते काय?

आमच्या दवाखान्याच्या पाटीवर नावाखाली यादी आहे : हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मूळव्याध, फिशर, भगंदर, हायड्रोसील, थायरॉईड, स्तनातल्या गाठी, शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमा, अपघात, भाजलेले रुग्ण. पेंटरने सगळ्यात मोठ्या अक्षरात 'दुर्बिणीद्वारे' लिहिलं, कारण त्याला तेच भारी वाटलं. पाटी बाराही महिने तीच. आत मात्र कोणत्या महिन्यात कोणतं ऑपरेशन होणार, हे वावर ठरवतं.

मी जनरल सर्जन. नागपूरच्या मेडिकलमधून एम.एस. करून यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले, आणि सुरुवातीची वर्षं हे समजावण्यातच गेली की बाई असले तरी मी बाळंतपणं करत नाही. अजूनही अधूनमधून एखादी सासू सुनेला घेऊन येते, रांगेत शांत बसते आणि नंबर लागल्यावर "तारीख जवळ आली मॅडम" म्हणते. मग त्यांना मागच्या गल्लीतल्या मॅडमकडे धाडायचं.

तपासणी झाली, ऑपरेशन लागेल म्हटलं, की समोरून येणारा प्रश्न ठरलेला. खर्चाचा नाही, तो दुसरा. पहिला हा : "मॅडम, कापूस निघेपर्यंत थांबलं तं चालते काय?" महिन्यागणिक त्यातलं पीक बदलतं. जूनमध्ये "पेरणं होऊ द्या", ऑगस्टमध्ये "निंदण-डवरण उरकू द्या", ऑक्टोबरात "सोयाबीन निघू द्या", जानेवारीत तूर.

शहरात प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या बॅचच्या मित्रांना हा अडाणीपणा वाटतो. मला नाही वाटत. ज्याच्याकडे बैलजोडी आहे पण गडी नाही, त्याने पेरणीच्या आठवड्यात खाटेवर पडायचं म्हणजे वर्ष घालवायचं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर देणं हे माझं अर्धं काम आहे. काही दुखणी खरंच थांबतात, काही एक रात्रही थांबत नाहीत. अडचण अशी की थांबणारी दुखणी पुष्कळदा दिसायला मोठी असतात आणि न थांबणारी लिंबाएवढी.

हर्निया घ्या. पोटाच्या भिंतीत फट पडते आणि आतड्याचा किंवा चरबीचा भाग त्यातून बाहेर येतो. जांघेत फुगवटा दिसतो, खोकललं की वाढतो, आडवं पडलं की आत जातो. ही फट गोळीने बुजत नाही, पट्ट्याने बुजत नाही, कुणी मंतरून दिलेल्या दोऱ्यानेही नाही. उपाय ऑपरेशनच. पण ते आजच हवं का? साठीचे काकाजी आहेत, फुगवटा दुखत नाही, हाताने सहज आत जातो, दिवस ऑगस्टचे. मी सरळ सांगते, थांबा. हे मनाचं सांगत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हर्नियाचा फारसा त्रास नसलेले ७२० पुरुष त्यात होते. काहींचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनाहूनही कमी निघालं. दोन वर्षांत त्यातल्या जवळपास पाव लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, मुख्यतः दुखणं वाढलं म्हणून. म्हणजे आज ना उद्या टेबलावर यायचंच आहे, पण कापूस घरात आल्यावर आलात तरी चालतं.

हे सांगताना एक अट मात्र मी तीनदा वदवून घेते. फुगवटा आत जाईनासा झाला, टणक झाला, दुखायला लागला, वर उलटी सुरू झाली, तर बैल जुंपलेले असले तरी सोडून निघायचं. दाबून आत ढकलायचा नाही, तेल लावून चोळायचा नाही, सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही.

त्या वेळी आत काय झालेलं असतं ते सांगते. अरुंद फटीत आतड्याचा वेढा आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आम्ही फट मोकळी करतो तेव्हा तो वेढा जांभळा-काळा होऊन समोर येतो. लगेच कापत नाही. गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये, म्हणजे जाड निर्जंतुक कापडात, तो गुंडाळायचा, भुलीच्या डॉक्टरांना ऑक्सिजन वाढवायला सांगायचं आणि थांबायचं. तेवढा वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नाही, फक्त मॉनिटर वाजत असतो. काही मिनिटांनी मॉप उघडला आणि जांभळटपणा ओसरून गुलाबी रंग चढत असेल, बोटाने हलकी टिचकी दिल्यावर आतडं आळस दिल्यासारखं वळवळलं, तर ते आत ठेवून द्यायचं. रंग फिरलाच नाही तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागतात. मग मुक्काम वाढतो, बिल वाढतं, जिवाचा धोका तर वाढतोच. एका हर्नियाचं एवढं अंतर पडतं, आणि ते बहुतेक वेळा घरून निघायला लागलेल्या तासांचं असतं.

बाईच्या जांघेतल्या फुगवट्याला मात्र मी "थांबा" म्हणत नाही, मग पीक कोणतंही उभं असो. बायकांमध्ये तो फिमोरल जातीचा, म्हणजे मांडीच्या मुळाशी रक्तवाहिनीशेजारून येणारा, असण्याची शक्यता पुरुषांपेक्षा जास्त. त्याची फट अरुंद, कडा टणक, त्यामुळे आतडं चटकन अडकतं. तो दिसतोही एवढासाच. बायका त्याला अवधानाची, म्हणजे पायाच्या जखमेने जांघेत येणारी, गाठ समजतात.

ऑपरेशनमध्ये जाळी बसवतो म्हटलं की "कायची जाळी?" हा प्रश्न येतो. पॉलिप्रॉपिलीनची. ज्या प्लॅस्टिकची पोती आणि दोऱ्या होतात, त्याच घराण्यातली. शरीर तिच्यातून स्वतःचे धागे विणून घेतं आणि भिंत मजबूत होते. इथे मला धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. कंपनीची जाळी खेड्यातल्या माणसाला परवडत नव्हती, म्हणून त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासून, निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं आणि सहकाऱ्यांसोबतचा हा अनुभव २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापला. पुढे युगांडात रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले, आणि स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. हे मी ओपीडीत सांगितलं तर एक काकाजी म्हणाले, "मंग घरची आणू काय, दोन पडल्या हायेत." घरची आणू नका.

थांबणाऱ्यांमध्ये हायड्रोसीलही येतं. आमच्या विदर्भात हत्तीरोग आहे, क्युलेक्स डासातून पसरणारा, आणि पुरुषांमध्ये त्याची एक खूण म्हणजे अंडाभोवती साचणारं पाणी. माणसं वर्षानुवर्षं सैल पायजम्याखाली ते लपवतात. ऑपरेशन सोपं, कधीही करा. पण आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्ताचा नमुना घ्यायला आली की दार लावून घेऊ नका. ते जंतू रक्तात रात्रीच फिरतात, म्हणून बिचारे रात्री येतात. आणि गोळ्या समोर गिळा, खिशात टाकू नका.

त्याच जागेचं न थांबणारं दुखणं निराळं. दहा-पंधरा वर्षांच्या पोराला एका बाजूच्या अंडात अचानक जीवघेणी कळ येते, उलटी होते. पीळ बसलेला असतो. सहा तासांच्या आत सोडवला तर अंड बहुतेक वाचतं, पुढे दर तासाला आशा कमी होत जाते. पोट्टे लाजेपोटी आईला "पोट दुखते" एवढंच सांगतात आणि आई ओवा देते. घरात मुलगा असेल तर बापाने हे एकदा त्याच्याशी बोलून ठेवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

निंदण-डवरणीच्या दिवसांत आणखी एक प्रकार येतो. कंबर मोडते, पण काम थांबवता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी चहा आणि डायक्लोफिनॅक, दुपारी परत एक. कुणाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडही मिसळलेलं असतं, त्याने आराम तर इतका पडतो की माणूस त्या डॉक्टरला देव मानतो. मग एखाद्या दुपारी वावरातच, सुरी खुपसावी तशी पोटात कळ येते आणि माणूस तिथेच बसतो. जठराला छिद्र पडलेलं असतं. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं कडक लागतं, उभं करून एक्स-रे काढला तर छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवेची काळी कोर दिसते. पोटातल्याच चरबीच्या पदराचा तुकडा त्या छिद्रावर टाक्यांनी बसवायचा आणि पोट सलाइनने धुऊन काढायचं. रात्री-अपरात्री करावं लागतं. हे ऑपरेशन मी फेब्रुवारीत क्वचित करते, जुलै-ऑगस्टमध्ये करते.

अपेंडिक्सला हंगाम नाही, पण त्याच्याशी एक सवय जोडलेली आहे. दुखणं बेंबीभोवती सुरू होतं, म्हणून "बेंबी सरकली" असं ठरतं आणि कुणाकडून तरी पोट चोळून घेतात. काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली उतरतं. सुजलेलं अपेंडिक्स चोळून फुटलं की पोटभर पू. पोटदुखीला चोळणं नको, एवढं एक ऐकलं तरी माझ्या कितीतरी रात्री वाचतील.

मात्र उजवीकडे दुखतंय म्हणून प्रत्येक पोट उघडायचं नसतं, आणि हे इथे आल्यावर नीट कळलं. आमच्याकडे सिकलसेल आहे, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, किंवा गोंडांच्या गावातून एखादा तरुण पोट धरून येतो, डोळे पिवळसर, अंग दुखतंय. अपेंडिक्सच वाटावं. पण सिकलसेलचा झटकाही अगदी असाच येतो. म्हणून सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची रक्ततपासणी, केल्याशिवाय मी चाकू हातात घेत नाही. सिकलसेल निघाला तर पाणी, ऊब, ऑक्सिजन, वेदनाशामक, आणि पोट पुन्हापुन्हा तपासत राहणं. यातल्या बऱ्याच मुलांना विशी गाठायच्या आत पित्ताशयात खडे होतात, कारण रक्तपेशी सतत फुटत असतात. त्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन मी इथे करत नाही, वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयात पाठवते. रक्त लागलं तर यवतमाळहून यायला लागणारा वेळ माझ्याजवळ नसतो. पाटीवर 'दुर्बिणीद्वारे' लिहिलेलं असलं तरी कुणावर दुर्बीण चालवायची नाही, हेही ठरवावं लागतं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, फिरू लागतात आणि हात यायला लागतात. रात्री मळणी चालते, उजेड कमी, माणूस दमलेला, पेंडी आत रेटताना हात आत जातो. बाईचा पदर, माणसाच्या गळ्यातला दुपट्टा. तुटलेलं बोट लोक कशात आणतात ते बघितलं की कळतं, सांगणारं कुणी भेटलेलं नाही. दुधाच्या थैलीत, चिंधीत, हळदीत लोळवून, एकदा कुल्फीवाल्याच्या बर्फात थेट खुपसून. नीट ऐका : बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला लागू द्यायचा नाही. हातावर स्वच्छ कपड्याचा घट्ट दाब द्या, वर उचलून धरा. आणि माझ्याकडे न येता थेट नागपूर गाठा, वाटेतून फोन करा. बोट परत जोडणं प्लास्टिक सर्जनचं काम आहे, इथे थांबून तास जातो. चेचलेला, माती-भुसा भरलेला हात मात्र आमचा. तो धुवायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. ब्रश नाही, बाटल्यांमागून बाटल्या सलाइन. जखम पहिल्या दिवशी शिवत नाही, उघडी ठेवते आणि तीन-चार दिवसांनी बघते. "टाके काऊन नाई मारले?" म्हणून नातेवाईक चिडतात. आत सोयाबीनचं एक टरफल राहिलं तरी सगळा हात पिकतो, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगायचं.

आणि आता जिच्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट.

कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती. एक मावशी आल्या, पन्नाशीच्या आतबाहेर. (नाव-गाव बदललेलं नाही, कारण लिहिलेलंच नाही.) खोकला आहे म्हणाल्या. छाती तपासायला घेतली तर ब्लाउजच्या आतल्या बाजूला पिवळे पोपडे चिकटलेले. हळद आणि चुन्याचा लेप, वाळून तडकलेला. त्याखाली डाव्या स्तनात गाठ, कडक, कडा वेड्यावाकड्या, वरची कातडी किंचित आत ओढलेली. काखेत दुसरी.

"कधीपासून आहे मावशी?"

"झालं असंन साल. दुखत तं नाई."

दुखत नाही, हेच तर वाईट. दुखली असती तर पोळ्याच्या आधीच आल्या असत्या. मी नमुना घ्यावा लागेल म्हटलं, तर त्या उठून पदर सावरायला लागल्या. "वेचनी झाली की येतो मी." वेचणी म्हणजे फेब्रुवारी, कदाचित मार्च. किलोमागे मजुरी, जेवढा कापूस तेवढा पैसा, आणि वर्षभरात नगद हातात यायचे दिवस तेवढेच.

"कॅन्सर" हा शब्द काढून घाबरवलं तर माणूस परत येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून गाठीवर न बोलता आम्ही वेचणीवर बोललो. जागा बधिर करून सुईने नमुना घ्यायला पंधरा मिनिटं, उद्या सकाळी तुम्ही वावरात. रिपोर्ट नागपूरहून यायला आठवडा, तो आठवडा तुमचाच. त्या तयार झाल्या. रिपोर्ट आला तेव्हा मुलाला सोबत बोलावलं आणि तेव्हा मात्र आडपडदा ठेवला नाही. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयात पाठवलं. आधी केमो, दर एकवीस दिवसांनी, मग ऑपरेशन. मावशींनी पहिला हिशोब केला तो असा : एकवीस दिवसांतले सात-आठ दिवस अंगात काही राहत नाही, उरलेले वेचायला मिळतात का? नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बघून काही फेऱ्यांना हो म्हटलं, काहींना नाही.

आता त्या टाके, हात दाखवायला माझ्याकडे येतात. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम राहतो आणि साधा ओरखडाही पिकू शकतो. कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, वेचणाऱ्या बाईची बोटं बघा म्हणजे कळेल. आमच्याकडे बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालून वेचतात. मी सांगितलं, बाही मनगटाशी बांधा, त्या हाताला हातमोजा घाला, संध्याकाळी हात धुऊन खोबरेल लावा. हातमोजा घालून वेचणी होत नाही म्हणाल्या, बोटांना कापूस लागत नाही. मग बोटं कापलेला हातमोजा शिवून घेतला, तळवा आणि मनगट झाकणारा. पुढच्या खेपेला तसाच हातमोजा त्यांच्या टोळीतल्या आणखी दोघींच्या हातात होता. त्यांना गाठबीठ काही नाही, काम बरं होतं म्हणून. त्यातल्या एकीने मात्र जाता जाता "माह्यं बी एकदा पाहून घ्या" म्हटलं. बाई सर्जन असण्याचा या गावाला काही उपयोग असेल तर तो हा.

मूळव्याधीचंही असंच. बायका ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात, रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन पाच-सहावर येतं तेव्हा चक्कर येते म्हणून दाखवतात. पुरुष आधी भिंतीवरच्या जाहिरातीकडे जातात, "बिना ऑपरेशन, गॅरंटीने". कसलंतरी इंजेक्शन मारलेली, सडलेली जागा घेऊन मग आमच्याकडे. खरं तर मूळव्याधीच्या नावाने येणाऱ्या पुष्कळांना फिशर असतं, म्हणजे चीर. त्यातल्या बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा बसणं, मलम, भरपूर पाणी, आणि ठेचा काही दिवस बंद. ठेचा बंद म्हटल्यावर चेहरे पडतात. पण रक्त जातंय म्हणजे मूळव्याधच, असं घरी ठरवू नका. बोट घालून तपासल्याशिवाय कुणी औषध देत असेल तर तिथून उठा. आतल्या कॅन्सरचं रक्तही लालच असतं.

शुगरवाल्यांना फक्त एक. उन्हाळवाहीच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या नांगरटीच्या, आधी पराटी (कापसाची वाळलेली झाडं) उपटली तरी धसकटं राहतातच, आणि पायाला मुंग्या येऊन बधिरपणा आलेला असेल तर धसकट घुसल्याचं कळत नाही. रोज रात्री तळपाय बघा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला दाखवा. वास येऊ लागल्यावर आलेला पाय मी पूर्ण वाचवू शकेनच असं नाही.

तर कापसाचे चुकारे झाले, म्हणजे विकल्याचे पैसे हातात आले, लग्नसराई अजून दूर आहे, असे फेब्रुवारी-मार्चचे दिवस आमच्या यादीचे. एप्रिल लागला की "उन्हाळ्यात टाके पिकतात" सुरू होतं. पिकत नाहीत. जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवली तर मे महिन्यातही तशीच भरते. माझ्या मते चिखलात काम करावं लागणाऱ्या माणसाला पावसाळ्यापेक्षा मे बरा. भातानेही टाके पिकत नाहीत, वांग्यानेही नाही.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, ते आता पाच लाख आहे. आमचा दवाखाना योजनेत नाही, हे मी तपासणीच्या आधीच सांगते. ज्यांना जमतं त्यांनी रेशन कार्ड, आधार घेऊन यवतमाळचं मेडिकल कॉलेज, सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय गाठावं, तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल शोधावं. माझी चिठ्ठी फुकट मिळेल. सोनं गहाण टाकून माझ्याकडे हर्निया करण्यात काही शहाणपण नाही.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. याबद्दल भुलीचे डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त तळमळीने बोलतील. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन गालाच्या आतली कातडी आक्रसते, तोंडात स्वतःची दोन बोटं उभी जात नाहीत. पूर्ण भूल द्यायची तर घशात नळी घालावी लागते, आणि दारच उघडत नाही तर नळी कुठून घालणार? म्हणून आमच्याकडे हर्नियाच्या पेशंटला आधी "तोंड उघडा" सांगतात. लोकांना वाटतं दाताचे डॉक्टर आलेत. पाठीतून भूल देऊन काम भागतं, पण ती कधी अपुरी पडली तर पुढचा रस्ता हवा ना. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तर गालात काहीच नको. सहा तास उपाशी म्हणजे खर्राही नाही, हे वेगळं सांगावं लागतं.

डिस्चार्ज कार्डावर सगळीकडे 'जड काम करू नये' असं छापलेलं असतं. इथे त्याचा काही उपयोग नाही. बंडी (बैलगाडी) हाकणं जड की हलकं? आमच्या सिस्टरच्या घरी शेती आहे, तिने हर्नियाच्या पेशंटसाठी कामांची यादीच करून दिली, आता तीच झेरॉक्स देतो. वावरात नुसती चक्कर मारायला पाच-सहा दिवसांनी. राखणीला बसायला दहा दिवसांनी, पण मचाणावर चढायचं नाही. वेचणी तीन आठवड्यांनी, कमरेला बांधलेली कापसाची ओटी अर्धीच भरायची आणि वारंवार रिकामी करायची. डवरणी महिन्याने. ओलिताचे पाइप आणि फवारणीचा पंप दीड महिन्याने, कारण सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास ओझं होतं आणि ते उचलताना सगळा जोर जांघेवर येतो. पोतं दोन महिन्यांनी, तेही दोघांनी मिळून.

ट्रॅक्टर कुठे लिहायचा यावर आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते बसून करायचं काम आहे, दोन आठवडे पुरे. मी म्हणते नांगरटीतले धक्के बघ. तूर्त एक महिना लिहिलाय, पेन्सिलने.